आवाज पडला पाहिजे

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला इंजिनाचा एकच रोग ठाऊक आहे. त्याचे नाव कचरा. स्कूटर भर रस्त्यात बंद पडली की ओळख ना पाळख असा एखादा गृहस्थ थांबायचा, आपणहून दोन किका मारून बघायचा आणि सांगायचा, "कचरा आलाय." कुठून आला, कुठे अडकला, हे विचारायची पद्धत नव्हती. मग स्कूटर एका अंगावर कलती करायची, पेट्रोलचा वास आला की सरळ करायची. बाजूचे झाकण काढायचे, प्लग पाना लावून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा वायरीला लावून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. ठिणगी निळी दिसली की भोवती जमलेली चार माणसे "आहे, आहे" म्हणायची. एवढे झाल्यावर स्कूटर सुरू झाली तर कचराच होता हे सिद्ध व्हायचे. नाही झाली तर कचरा जास्त होता.

या विद्येच्या जोरावर मी तीस वर्षे स्कूटर चालवली. त्यातली निदान दोन वर्षे ढकलली. त्यामुळे मुलगी पायलट व्हायला निघाली तेव्हा फीच्या आकड्याने माझे पाय लटपटले असतील, पण इंजिनाच्या बाबतीत घरात एक जाणता माणूस आहे याचा मला आधार वाटला. तो माणूस मीच होतो.

ती जिथे शिकते त्या गावाचे नाव सांगत नाही. महाराष्ट्रात विमान शिकवणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. गाव सांगितले की शाळा कळणार, शाळा कळली की विमान कळणार, आणि बदनामी करावी असे त्या विमानाने माझे काही वाकडे केलेले नाही. धंदेवाईक पायलटच्या लायसनला २०० तास उडावे लागते. तिच्या एका तासाला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात माझी पहिली स्कूटर आली होती. म्हणजे ती वर गेली की मला खाली दर तासाला एक स्कूटर हवेत विरताना दिसते.

नवरात्रात दसऱ्याला तीन दिवस उरलेले असताना मी चिवड्याचा डबा घेऊन तिला भेटायला गेलो. ती कॅन्टीनमध्ये तोंड पाडून बसली होती.

"काय गं, उडाली नाहीस?"

"ड्रॉप जास्त येतोय, बाबा. डाव्या मॅगला."

"कचरा असेल," मी म्हणालो.

पुरणपोळ्या मी लाटतो असे म्हटल्यावर तिची आई ज्या नजरेने बघते, त्याच नजरेने तिने माझ्याकडे बघितले.

हे ड्रॉप प्रकरण समजून घ्यायला मला तीन चहा लागले. तुम्हाला एका परिच्छेदात सांगतो. छोट्या विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक नव्हे, दोन प्लग असतात. चार सिलिंडर, आठ प्लग. त्या आठांना ठिणगी पुरवायला दोन मॅग्नेटो, डावा आणि उजवा. मॅग्नेटो म्हणजे फिरते चुंबक, तारेची गुंडाळी आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची साधारण नारळाएवढी डबी. इंजिन फिरते आहे तोवर ती आपली वीज आपण तयार करते. बॅटरी मेली, दिवे गेले, रेडिओ मुका झाला, तरी तिला पत्ता नसतो. एकत्र कुटुंबात एखादी थोरली काकू असायची. घरात भांडण होवो, पाहुणे येवोत, छप्पर गळो, तिचा चुलीवरचा हात थांबायचा नाही. तशी ही डबी. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात १९०२ साली तिचे उच्च दाबाचे रूप तयार झाले, आणि छोट्या विमानांत तिच्याच पणत्या अजून स्वयंपाक करत आहेत. जग कॉम्प्युटरवर गेले, ती चुलीपासून हललेली नाही.

दोन मॅग्नेटो अशासाठी की एक गेला तर दुसऱ्यावर घरी येता यावे. शिवाय सिलिंडरमध्ये दोन्ही बाजूंनी आग लागली की पेट्रोल नीट जळते. एक मॅग्नेटो बंद केला की आग एकाच बाजूने लागते, जळायला वेळ लागतो आणि इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात. हे कमी होणे म्हणजे ड्रॉप. उड्डाणाआधी विमान उभे करून इंजिन मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर न्यायचे, चावी दोन्हींवरून फक्त उजव्यावर आणायची, किती पडले बघायचे, परत दोन्हींवर, मग फक्त डावा. सेसना १५२ या शिकाऊ विमानाच्या पुस्तकात लिहिले आहे की कोणत्याही एकावर १२५हून जास्त पडता कामा नये आणि दोघांतला फरक ५०च्या आत हवा. लायकॉमिंग ही इंजिने बनवणारी अमेरिकन कंपनी १७५ पर्यंत चालवून घेते, पण फरक तिलाही ५०च्या आतच लागतो. म्हणजे दोन्ही जावा सारख्याच रुसल्या तर संसार चालतो. एक हसते आहे आणि दुसरी फुगून बसली आहे, असे दिसले की आत काहीतरी शिजते आहे.

आमच्या विमानाची उजवी जाऊ ७०ने रुसली होती, डावी २६०ने. वर सगळे विमान असे थरथरत होते की, मुलीच्या शब्दांत, सीटखाली कोणीतरी जाते फिरवतंय.

ही बातमी कॅन्टीनमध्ये फुटली आणि निदानांचा पाऊस पडला. एक मुलगा म्हणाला हवेत दमटपणा आहे. दुसरा म्हणाला टाकीत पाणी आहे. चहावाला म्हणाला बॅटरी उतरली असेल. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही हे मी त्याला त्याच तिसऱ्या चहावर सुनावले, आणि दहा मिनिटांपूर्वी कळलेली गोष्ट जन्मापासून ठाऊक असल्यासारखी सांगण्यात जो आनंद असतो तो घेतला. गेटवरचा रखवालदार म्हणाला की परवा अमावास्येला त्या विमानाखालून मांजर गेले होते. परवा अमावास्या नव्हती, पण निदानात एवढे धरायचे नसते.

शेवटी इन्स्ट्रक्टर आले. त्यांचे मत निराळे पडले: शिसे. छोटी विमाने जे पेट्रोल पितात त्याला हंड्रेड लो लेड म्हणतात. त्याचा रंग धोतराला घालायच्या निळीसारखा असतो. नावात 'लो लेड' असले तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात असू शकते. आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधले शिसे २००० साली देशभरातून हद्दपार झाले, विमानात ते अजून राहते आहे, कारण त्याच्याशिवाय काही जुन्या इंजिनांना ठसका लागतो. विमान जमिनीवर हळूहळू चालवत नेले की प्लग पुरेसा तापत नाही आणि शिशाचे करडे मणी त्याच्या टोकांत अडकून बसतात. खालच्या बाजूच्या प्लगांत जास्त, कारण सगळा गाळ खाली जातो, इंजिनात काय आणि संसारात काय. यावर उपाय असा की इंजिनाचा वेग वाढवायचा, लाल मुठीने मिश्रणातले पेट्रोल कमी करायचे आणि मिनिटभर प्लगांना चांगला शेक द्यायचा. मणी जळून जातात.

त्यांनी तसा शेक दिला. ड्रॉप ११० वर आला. मुलगी उडाली. मी कॅन्टीनमध्ये सर्वांकडे बघत म्हणालो, "म्हणजे कचराच की."

शिसे हा कचराच आहे. माझे काय चुकले?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २६० आणि पुन्हा जाते. आता पायलट लोकांचा खेळ संपला. विमानात बिघाड दिसला की पायलटने वहीत लिहायचे, विमान हँगरमध्ये ओढून न्यायचे, आणि लायसन असलेल्या इंजिनिअरने बघून सही करेपर्यंत कोणी त्याला उडवायचे नाही. या लिहिण्याला 'स्नॅग टाकणे' म्हणतात. मी सरकारी कचेरीत तीस वर्षे काढली. वहीत काही लिहिले की काम थांबते हे मला नवीन नव्हते. वहीत लिहिल्यामुळे काम सुरू होते, हे मी प्रथमच बघत होतो.

हँगरमध्ये होते काका. सगळी पोरे त्यांना काका म्हणत. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाले, पण हातात पाना असलेल्या माणसाला मी काकाच म्हणतो, त्यात अपमान होण्याची शक्यता कमी असते. हवाई दलातून निवृत्त. बोलणे मोजके, प्रत्येक शब्दाला आपल्या खिशातून पैसे द्यावे लागत असल्यासारखे. मी पंख्याला हात लावून "हाच ना तो?" म्हणत जरा फिरवायला गेलो, तर लांबून आवाज आला.

"पंख्याला हात नाही."

"चावी काढलेली आहे, काका."

"चावी माझ्या खिशात असली तरी नाही."

मी हात काढला. जुन्या माणसांच्या काही समजुती असतात, त्यांचा मान ठेवावा.

काकांनी स्नॅग वाचला आणि मुलीला चार प्रश्न विचारले. कोणत्या बाजूला? किती? मिक्स्चर कुठे होते? आणि आकडा नुसता गुळगुळीत खाली आला, की थरथर होती? हा शेवटचा प्रश्न मला मजेदार वाटला, पण सगळी मेख त्यातच होती. आकडा शांतपणे जास्त पडला तर बहुधा मिश्रण बिघडलेले असते, नाहीतर मॅग्नेटोची वेळ सरकलेली असते, म्हणजे सगळे सिलिंडर सारखेच आळसावलेले असतात. थरथर असेल तर एकच कोणीतरी काम सोडून बसला आहे आणि बाकीचे तिघे त्याला ओढत आहेत. आमच्या कचेरीतल्या सेक्शनचे वर्णन याहून नेमके मी ऐकलेले नाही.

मी मधेच म्हणालो, "कचरा असेल."

"असेल," काका म्हणाले, "पण कोणाच्या घरात?"

या प्रश्नाने मी जरा गप्प झालो. कचेरीत काही बिघडले की दोषी कोण हे आम्ही आधी ठरवत असू, दोष काय हे सवडीने. चौकशी समिती नेमायची तीसुद्धा दोषीच्या सोयीची तारीख बघून. इथे हा माणूस कोणावर संशय घ्यायलाच तयार नव्हता.

त्यांनी विमान बाहेर काढले, इंजिन सुरू केले, थोडा वेळ फक्त डाव्या मॅग्नेटोवर चालवले आणि बंद केले. लगेच झाकण उघडले. मला वाटले आता एखादे जर्मन उपकरण निघेल. निघाली ती केसांवर पाणी मारायची न्हाव्याकडची बाटली. चार सिलिंडरांच्या चार धुराड्यांवर त्यांनी एकेक फवारा मारला. पहिल्यावर चर्र. दुसऱ्यावर चर्र. चौथ्यावर चर्र. तिसऱ्यावर पाणी नुसते ओघळले.

हे मी रोज बघतो! घावन घालण्याआधी आमच्या घरी तव्यावर पाणी शिंपडतात ते हेच. चर्र झाले तर तवा तापला, ओघळले तर खालची शेगडी विझलेली. तिसऱ्या सिलिंडरची शेगडी डाव्या मॅग्नेटोवर पेटतच नव्हती. चार घरांपैकी एक घर सापडले आणि त्यासाठी एक पैसा खर्च झाला नव्हता. मला मनातून थोडा राग आला. एवढे सोपे असेल तर फी एवढी का?

"आता तिसऱ्याचा प्लग बदला आणि द्या सोडून," मी सुचवले.

काकांनी प्लग बदलला नाही. तिसऱ्या सिलिंडरचा वरचा प्लग त्यांनी खाली लावला आणि खालचा वर. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग डाव्या मॅग्नेटोच्या वाट्याला असतो, दुसरा उजव्याच्या. आता प्लगच नालायक असेल तर दुखणे त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. प्लग बिचारा निर्दोष असेल तर दुखणे डावीकडेच राहील. एखादा कारकून खरेच आळशी आहे की त्याचे टेबलच वाईट जागी आहे, हे बघायला दोन कारकुनांची टेबले बदलून बघावीत, तसे. आम्ही तीस वर्षांत माणसेच बदलली, टेबल कोणी तपासले नाही.

"आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची," काका म्हणाले. हे त्यांचे त्या दिवसातले सर्वात लांब वाक्य. मी स्कूटरचा प्लग घासायचो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारायचो, वायर हलवायचो, पेट्रोलचा कॉक उघडझाप करायचो आणि शेवटी सीटवर एक थाप मारायचो, हे सगळे एका दमात. त्यामुळे स्कूटर कशाने बरी झाली हे मला तीस वर्षांत एकदाही कळले नाही. श्रेय नेहमी थापेला मिळे.

काकांनी दोन्ही प्लग बाहेर काढले होतेच, म्हणून लावण्याआधी टेबलावर घेऊन तपासले. एकाच्या टोकात खरोखरच मोहरीएवढा करडा मणी होता. मी विजयाने बघितले. काकांनी तो बारीक सळीने काढून टाकला, पण चेहऱ्यावर काही नाही. मग फटीत गेज घालून पाहिले. ही फट एका इंचाच्या हजार भागांपैकी १६ ते २१ भाग ठेवतात. मग मीटर लावून प्लगच्या पोटातला रोध मोजला. तो ५,००० ओहमच्या वर गेला तर प्लग बाद.

"ठिणगी बघायची ना?" मी म्हणालो. "इंजिनाला टेकवून?"

काकांनी प्लग एका यंत्रात घातला आणि आत हवेचा दाब वाढवला. मला म्हणाले, बाहेर मोकळ्यावर कोणीही ठिणगी पाडतो. सिलिंडरच्या आत पिस्टन सगळे दाबून धरतो तेव्हा पडली पाहिजे. म्हणजे मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेला ज्या निळ्या ठिणगीवर विश्वास ठेवला, ती नुसती मोकळ्यावरची शेखी होती. चौकात वाघ आणि घरात शिरल्यावर शेळी, अशी माणसे आमच्या आळीत बरीच आहेत, पण प्लगही तसे निघावेत याचे वाईट वाटले.

त्याच वाईट वाटण्याच्या भरात मी दुसरा प्लग उचलून निरखत होतो, आणि तो माझ्या हातून सटकला. टेबल ते फरशी, असा तीन फुटांचा प्रवास. टण्ण असा आवाज झाला. हँगरमधली दोन पोरे वळून बघायला लागली.

मी उचलून पुसला. "काही झालं नाही. बघा, एक ओरखडा नाही."

काकांनी तो माझ्या हातून घेतला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. "एकदा आपल्या हातून पडला की दुसऱ्यांदा आपणच टाकायचा." आतल्या चिनी मातीला बारीक तडा जातो, तो दिसत नाही, आणि मग हजारो फुटांवर तो दिसायला लागतो, एवढे त्यांनी समजावून सांगितले. त्या प्लगची किंमत मला मुलीने नंतर सांगितली. मी आणलेल्या चिवड्याच्या डब्यात ती बसली नसती.

माझा चेहरा बघून काकांना दया आली असावी. नवा प्लग लावता लावता त्यांनी गोष्ट सांगितली. १९३० साली आगाखानांचे ५०० पौंडांचे बक्षीस होते, भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी टाटा इकडून निघाले. भारतात मिळालेले पायलटचे पहिले लायसन त्यांचेच, १९२९चे. तिकडून निघाले अस्पी इंजिनिअर, वय वर्षे १७. दोघे इजिप्तमध्ये अबूकिरला भेटले. अस्पी तिथे प्लगांसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना दिले. शर्यत अस्पींनी जिंकली. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि जेआरडींनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे.

"त्यांनी प्लग दिला," काका म्हणाले, "तुम्ही पाडला. चालायचंच."

नव्या प्लगखाली नवा तांब्याचा वायसर बसला, टॉर्क पान्याने ३५ फूट-पौंडांवर टक् झाले, इंजिन सुरू झाले. उजवा ठीक. डावा पुन्हा २६०. दुखणे डावीकडेच राहिले, म्हणजे प्लग निर्दोष. मण्यासकट निर्दोष! माझा कचरा पुराव्याअभावी सुटला.

मग काकांनी वायर धरली. मॅग्नेटोपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या या वायरींवर वरून धातूची जाळी असते आणि आत जाड इन्सुलेशन. टेस्टर लावला तर तिसऱ्याच्या वायरीतून वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच जाळीला जाऊन मिळत होती. आतल्या इन्सुलेशनला कुठेतरी चीर गेलेली. विजेचे आणि गळक्या नळाचे तत्त्व एकच. शेवटच्या घरापर्यंत जायचे कष्ट कोण घेतो?

"मग काल शिसे जाळल्यावर बरं कसं वाटलं?" मुलीने विचारले.

"सकाळी दव होतं. ऊन चढल्यावर वायर सुकली असेल," काका म्हणाले. ताप उतरायच्या वेळी जो वैद्य घरात असतो त्याच्या पुडीला गुण येतो. इन्स्ट्रक्टरना हे मी सांगितले नाही. माझी स्वतःची थाप अजून ताजी होती.

वायर बदलायला मॅग्नेटोचे मागचे झाकण उघडावे लागले, त्याच्या वायरी सोडून पुन्हा जोडाव्या लागल्या. त्या सगळ्यात संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकांनी टेबलावर पाने, गेज, टॉर्क पाना, मॅग्नेटोची वेळ जुळवायची ती कुईकुई करणारी डबी, सगळे ओळीने मांडून हळदकुंकू वाहिले. आदल्या दिवशीची फवाऱ्याची बाटलीसुद्धा त्यात होती, हे मला फार आवडले. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. विमानालाही.

दसऱ्याला सकाळी मी झेंडूचा मोठा हार आणि पेढे घेऊन हजर. पंख्याच्या मधोमध हार कसा शोभेल याचा फोटोही मी मनात काढून ठेवला होता. काकांनी हाताने थांबवले. "आधी रन."

मुलगी आत बसली, शेजारी इन्स्ट्रक्टर. मी आणि काका बाजूला, बरेच लांब. इंजिन १,७०० फेऱ्यांवर गेले. आता चावी उजव्यावर येणार. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज तसाच. भरीव, गोल, एकसारखा. किंचितसुद्धा पडला नाही. आत मुलगी हात वर करून अंगठा आणि तर्जनी जुळवून शून्य दाखवत होती.

"वा!" मी ओरडलो. "शून्य! काका, १२५ पर्यंत चालतं म्हणता, तुम्ही शून्यावर आणलंत!" आणि मी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला.

काकांच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले होते. तीन दिवसांत प्रथमच ते भरभर चालले. खुणेने त्यांनी इंजिन मंद करायला लावले, मग चावी क्षणभर पूर्ण बंद करायला लावली. चावी बंद झाली. इंजिन चालू राहिले.

मग इन्स्ट्रक्टरनी लाल मूठ ओढून पेट्रोल तोडले, तेव्हा पंखा थांबला.

काका जे बोलले ते मी पेढ्यांचा पुडा छातीशी धरून ऐकले. आपल्या घरात बटण बंद केले की वीज तुटते. मॅग्नेटोचे उलटे असते. तो वीज स्वतःच तयार करतो, त्याला तोडणार काय? म्हणून एक वायर त्याला चावीपर्यंत आणते, आणि चावी बंद केली की त्याला इंजिनाच्या धडाशी, म्हणजे अर्थला, जोडून गप्प करते. घरात वायर तुटली की दिवा जातो. इथे ही वायर तुटली की दिवा जातच नाही. चावी उजव्यावर आणली तेव्हा डावा गप्प व्हायला हवा होता. तो झालाच नाही, म्हणून फेरे पडले नाहीत. आवाज पडला नाही याचा अर्थ इंजिन उत्तम आहे असा नव्हता. डावा मॅग्नेटो आता कोणाचेच ऐकत नाही असा होता. अशा विमानाचा पंखा, चावी खिशात असताना, कोणी सहज हाताने जरा फिरवला आणि आत पेट्रोलचा थोडा वास उरलेला असला, तर इंजिन एक धक्का मारते. एकच. तेवढा पुरतो.

मी माझ्या हाताकडे बघितले. त्यात झेंडूचा हार होता.

काकांनी झाकण उघडले आणि मॅग्नेटोच्या मागे हात घातला. वायरीचे टोक खिळ्यावरून निसटून लोंबत होते. परवा संध्याकाळी जोडताना तिचे नट नीट आवळले गेले नव्हते.

"कोणी लावली होती?" इन्स्ट्रक्टरनी विचारले.

आता काय होणार हे मला पाठ होते. पाने धुणाऱ्या पोराचे नाव येईल. नाहीतर उजेड कमी होता, नाहीतर नटच खराब आला होता.

"मी," काका म्हणाले. वही घेतली, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. मग वायर बसवली, नट आवळले, दुसऱ्या इंजिनिअरला बोलावून त्याच्याकडून हाताने ओढून तपासून घेतले आणि त्याचीही सही घेतली. मी त्या वहीत डोकावलो. कचेरीत तीस वर्षे फायली वाचल्या, पण चूक आणि ती करणाऱ्याची सही एकाच पानावर, एकाच अक्षरात, मी कधी बघितली नव्हती. आमच्याकडे अशा पानावर निदान तीन शेरे आणि एक हरवलेले परिशिष्ट असते.

पुन्हा रन. चावी उजव्यावर. आवाज पडला. थोडासाच, जेवताना कोणाचातरी घास चुकल्यासारखा. ७५. दोन्हींवर, सरळ. डाव्यावर, पुन्हा पडला. ८०. मंद करून क्षणभर चावी बंद, आणि इंजिन आज्ञाधारकपणे श्वास सोडू लागले. एखाद्या गोष्टीचा आवाज पडला म्हणून मी इतका सुखावलो, हे लग्नानंतर प्रथमच.

काकांनी स्वतः पेढा मागून घेतला. मी हार पुढे केला, पण पंख्याकडे बघायचीही माझी हिंमत नव्हती. शेवटी आम्ही तो विमानाच्या शेपटीला घातला. मुलीने हळदकुंकू वाहिले, मी नमस्कार केला, फोटो काढले. फोटोत मी विमानाच्या मागे आहे आणि पंख्यापासून जितके लांब राहता येईल तितका लांब आहे.

मग ती उडायला निघाली. दार लावणार, तेवढ्यात काका शेपटीकडे गेले आणि हार उतरवून माझ्या हातात दिला. दोनतीन पाकळ्या खाली पडल्या होत्या, त्याही वाकून वेचल्या.

"राहू द्या की आजच्या दिवस," मी म्हणालो.

"नको साहेब," काका म्हणाले, "धावपट्टीवर कचरा होतो."